खरी प्रत कोणती?

दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरण्याचे दिवस आले की शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "यातली शेवटची फाईल कोणती?" नेरुळमधील एखादी शाळा डोळ्यांसमोर आणू. संगणक प्रयोगशाळेत एक सर्व्हर आहे, त्यावर डेबियन लिनक्स. शिक्षकांच्या खोलीतील संगणकावर उबुंटू. गणिताच्या बाई सीवूड्सला राहतात आणि रविवारी घरच्या मॅकवर काम करतात. गुणांची फाईल या तिन्ही ठिकाणी आहे. बाईंनी रविवारी घरी तीन मुलांचे गुण दुरुस्त केले. सोमवारी सकाळी क्लार्कने शाळेतल्या फाईलमध्ये दोन नावांचे शुद्धलेखन सुधारले. दुपारी कोणीतरी पेन ड्राइव्हवरची फाईल सर्व्हरवर उतरवली. संगणकाने विचारले, "आधीची फाईल पुसून ही ठेवू का?" उत्तर दिले गेले, "हो". त्या क्षणी एकाची दुरुस्ती नाहीशी झाली, आणि ती कोणाची हे कोणालाच कळले नाही. ज्या मुलाचे १२ चे १७ व्हायला हवे होते, ते १२ च राहिले.

हे टाळण्यासाठी जी साधने वापरतात त्यांना फाईलींचा ताळमेळ ठेवणाऱ्या आज्ञावली म्हणता येईल. त्या कशा चालतात हे या लेखात पाहू. त्यांतील युक्त्या गणिताच्या तासाला फळ्यावर मांडता येतील इतक्या सोप्या आहेत. त्या जिथे अडतात ती ठिकाणेही तितकीच शिकण्यासारखी आहेत.

वरच्या उदाहरणातील तिन्ही संगणक एकाच कुळातले आहेत. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली लिहायला घेतली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्स सुरू केले. आजचा मॅकही बर्कलेच्या युनिक्सचा वारसा सांगतो. भाऊबंद असल्यामुळे त्यांचे पुष्कळसे जमते. पण भाऊबंदांत असतात तशा कुरबुरीही आहेत. त्यांच्याकडे नंतर येऊ.

एका युनिक्स संगणकावरची फाईल दुसऱ्यावर नेण्याची गरज फार जुनी. १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेतच माइक लेस्क यांनी यूयूसीपी ही आज्ञावली लिहिली. नावाचा अर्थच 'युनिक्सहून युनिक्सकडे नक्कल' असा आहे. तिचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. १९८६-८७ च्या सुमारास अर्नेट या शैक्षणिक जाळ्याची सुरुवात झाली तेव्हा जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून याच यूयूसीपीने टपाल जात असे. डॉ. श्रीनिवासन रमणी हे त्या केंद्राचे संचालक होते. ते केंद्र २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले आणि खारघर स्टेशनसमोर आज सी-डॅकचे संकुल आहे. हार्बर मार्गाने जाणाऱ्या शिक्षकांना ते ठिकाण ठाऊक असेल.

यूयूसीपीची रीत सरळ होती. फोन लागला की साचलेल्या फाईली पूर्ण पाठवायच्या. फाईलमध्ये एकच अक्षर बदललेले असले तरी सगळी फाईल पुन्हा. त्या काळच्या तारांवरून सेकंदाला शे-दोनशे अक्षरे जात असताना हे फार महाग पडे. मग कोणालाही सुचेल असा विचार पुढे आला : फक्त बदललेला भाग पाठवला तर?

इथे एक पेच आहे. बदल शोधायचा तर जुनी आणि नवी फाईल शेजारी ठेवून ताडून पाहायला हवी. पण जुनी फाईल तिकडे आहे आणि नवी इकडे. ताडण्यासाठी एक फाईल दुसरीकडे न्यायची, तर सगळी पाठवल्यासारखेच झाले. न पाठवता तुलना करायची कशी?

ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली याचे उत्तर दिले. त्यांच्या आज्ञावलीचे नाव आरसिंक. जवळपास तीस वर्षांनंतरही लिनक्स जगतात ती रोज वापरली जाते; डेबियनसारख्या प्रणालींच्या जगभरच्या 'आरसा' साठ्यांपर्यंत नवे बदल पोचतात ते बहुतांशी तिच्याच आधारे.

युक्ती अशी. ज्याच्याकडे जुनी फाईल आहे तो संगणक तिचे सारख्या लांबीचे ठोकळे पाडतो. प्रत्येक ठोकळ्यासाठी तो एक लहानसा आकडा काढतो. हा त्या ठोकळ्याचा अंगठ्याचा ठसा समजा. हे सगळे ठसे तो समोरच्याला पाठवतो. समोरच्याकडे नवी फाईल आहे. तो तिच्यात हे ठसे शोधतो. जो भाग ठशाशी जुळला त्याबद्दल तो एवढेच कळवतो : "इथे तुझा ४२ वा ठोकळा लाव." जो जुळला नाही तेवढाच भाग अक्षरशः पाठवतो.

ऐकायला सोपे आहे, पण एक अडचण लगेच येते. हजेरीपटाची फाईल घ्या. एका मुलाने नव्याने प्रवेश घेतला आणि त्याचे नाव दुसऱ्या क्रमांकावर घातले. आता पुढची सगळी नावे एकेक ओळ खाली सरकली. नव्या फाईलचेही तसेच ठोकळे पाडले तर पहिल्यानंतरचा एकही ठोकळा जुळणार नाही, जरी मजकूर तोच असला तरी. म्हणून नव्या फाईलमध्ये ठोकळ्यांच्या ठरावीक जागी पाहून भागत नाही. एकेक अक्षर पुढे सरकत प्रत्येक जागी ठसा काढून पाहावा लागतो. एक कोटी अक्षरांच्या फाईलमध्ये एक कोटी ठसे! प्रत्येक वेळी अख्ख्या ठोकळ्याची बेरीज नव्याने करायची तर संगणकही दमेल.

यावरचा तोडगा आम्हाला विशेष आवडतो, कारण तो पाचवीच्या बेरजेत बसतो. चार-चार आकड्यांचे ठोकळे घेऊ. पहिला ठोकळा ३, ७, १, ८. साधी बेरीज १९. दुसरी बेरीज वजन लावून : पहिल्याला ४ ने गुणा, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला २ ने, चौथ्याला १ ने. १२ + २१ + २ + ८ = ४३. आता फाईलमधला पुढचा आकडा २ आहे आणि आपल्याला एक घर सरकायचे आहे. म्हणजे ७, १, ८, २. नवी साधी बेरीज काढायला चौघांना पुन्हा मिळवायला नको. जुन्या १९ मधून गेलेला ३ वजा करा, आलेला २ मिळवा : १८. वजनाची बेरीज? ४३ मधून गेलेल्या ३ ची चौपट, म्हणजे १२, वजा करा आणि नवी साधी बेरीज १८ मिळवा : ४९. ताळा करून पाहा : ७ × ४ + १ × ३ + ८ × २ + २ × १ = २८ + ३ + १६ + २ = ४९. ठोकळा चार आकड्यांचा असो वा चार हजारांचा, एक घर सरकायला तेवढ्याच मोजक्या क्रिया लागतात. हा 'घरंगळता ठसा'.

दुसरी बेरीज कशाला, असे मुले विचारतील, विचारलेच पाहिजे. ७, ३, १, ८ या ठोकळ्याची साधी बेरीजही १९ च येते. वजनाची बेरीज मात्र २८ + ९ + २ + ८ = ४७. आकड्यांची अदलाबदल दुसऱ्या बेरजेत पकडली जाते. तरीही दोन वेगळ्या ठोकळ्यांचा ठसा योगायोगाने सारखा येऊ शकतोच. म्हणून आरसिंक दोन ठसे बाळगते. घरंगळता ठसा स्वस्त पण कच्चा. तो जुळला तरच दुसरा, काढायला महाग पण पक्का ठसा ताडून पाहतात. दरवाज्यावर पहारेकरी चेहरा ओळखतो आणि शंका आली तरच ओळखपत्र मागतो, तसेच काहीसे.

ठोकळा केवढा घ्यावा यातही गणित आहे. ठोकळे लहान घेतले तर त्यांची संख्या वाढते आणि ठसेच फार पाठवावे लागतात. मोठे घेतले तर एका अक्षराच्या बदलापायी मोठा ठोकळा पाठवावा लागतो. दोन्ही खर्च तोलले की ठोकळ्याची योग्य लांबी फाईलच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येते. आरसिंक मोठ्या फाईलींसाठी साधारण वर्गमूळच घेते. एक कोटी बाइटच्या फाईलचे सुमारे ३,१६२ बाइटचे तितकेच ठोकळे पडतील. मूळ आराखड्यात प्रत्येक ठोकळ्यामागे दोन्ही ठशांचे मिळून २० बाइट होते. म्हणजे ६३ हजार बाइट ठसे आणि बदललेला एखादा ठोकळा. एक कोटीचे काम सत्तर हजारांच्या आत. अकरावी-बारावीच्या शिक्षकांना किमान मूल्याचे हे जिवंत उदाहरण वर्गात वापरता येईल.

एक गोष्ट मात्र जाताजाता सांगायला हवी. लिब्रे ऑफिसच्या फाईली दाबून लहान केलेल्या असतात. आतला एक गुण बदलला तरी दाबलेल्या फाईलचा मोठा भाग बदलून जातो आणि ठसे जुळत नाहीत. तेव्हा युक्ती कितीही चांगली असो, ती कामी येते साध्या मजकुराच्या फाईलीत.

हे ठसे काढण्याचे काम आरसिंक प्रत्येक फाईलवर करत नाही. आधी ती दोनच गोष्टी पाहते : फाईलची लांबी आणि शेवटच्या बदलाची वेळ. दोन्ही सारख्या असतील तर फाईल तीच असे धरून पुढे जाते. बहुतेक वेळा हे बरोबर ठरते. पण या वेळेचे प्रकरण नाजूक आहे.

युनिक्सचे घड्याळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या वेळेने, सेकंद मोजत आले आहे. (नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. युनिक्सच्या घड्याळात तेव्हा सुमारे ६५ लाख सेकंद झाले होते. शहर आणि घड्याळ एका वयाचे म्हणायला हरकत नाही.) फाईल लिनक्सवर असो वा मॅकवर, ही वेळ त्याच एका मापात नोंदली जाते. घोटाळा होतो पेन ड्राइव्हमध्ये. त्यांवर अनेकदा फॅट नावाची जुनी रचना असते. ती बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायरीने ठेवते आणि ग्रिनिचची नव्हे, स्थानिक वेळ लिहिते. त्यामुळे एका संगणकाचे घड्याळ भारतीय वेळेवर आणि दुसऱ्याचे चुकून ग्रिनिच वेळेवर लावलेले असेल तर न बदललेली फाईलही साडेपाच तासांनी नवी किंवा जुनी दिसू लागते.

त्याहून नेहमीचा घोटाळा साध्या नकलेचा. युनिक्सवर नेहमीच्या आज्ञेने फाईलची नक्कल केली की नव्या प्रतीवर नक्कल केल्याची वेळ पडते. म्हणजे जानेवारीतील जुनाट फाईल आज उतरवली तर ती आजची वाटते. नेरुळच्या शाळेतील दुपारच्या त्या 'हो' मागे हेच असण्याचा संभव फार. आरसिंकला मूळ वेळ जपायला सांगता येते. तो पर्याय न देता तिचा वापर करूच नये असे आम्ही म्हणू.

आता दुसरा प्रश्न. अर्ध्यात वीज गेली तर? १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी ज्या संगणकाला बॅटरीचा आधार नाही आणि ज्यावर फाईल लिहिली जात आहे, त्याचे काय होईल? साध्या नकलेत जुनी फाईल आधीच रिकामी केलेली असते आणि नवी अर्धवट, दोन्ही गेल्या. आरसिंक जुन्या फाईलला हात लावत नाही. शेजारी एक तात्पुरती, लपवलेली फाईल बांधते. ती पूर्ण झाली आणि सगळ्या फाईलचा ठसा जुळला की मगच तिला खरे नाव देते. युनिक्समध्ये नाव बदलणे ही अखंड क्रिया आहे. वाचणाऱ्याला जुनी फाईल दिसेल किंवा नवी. अर्धी कधीच दिसणार नाही. वीज गेलीच तर एक तात्पुरता तुकडा मागे राहतो आणि जुनी फाईल शाबूत असते.

इथवर सगळे एकाच दिशेचे. सर्व्हरवरची फाईल खरी, बाकीच्यांनी तिच्याप्रमाणे व्हायचे. आमच्या उदाहरणात मात्र घरी बाई बदल करतात आणि शाळेत क्लार्क. ताळमेळ दोन्ही दिशांनी हवा. आणि इथे खरी कसोटी लागते.

एक सोपी स्थिती पाहा. एक फाईल शाळेच्या संगणकावर आहे, घरच्या मॅकवर नाही. काय झाले असेल? कदाचित ती शाळेत आज नव्याने तयार झाली. मग ती घरी पाठवायला हवी. कदाचित ती दोन्हीकडे होती आणि बाईंनी घरी जाणीवपूर्वक काढून टाकली. मग ती शाळेतूनही काढायला हवी. दोन्ही शक्यतांत आज दिसणारे चित्र अगदी एकच आहे. कितीही हुशार आज्ञावली केवळ या दोन फोल्डरांकडे पाहून उत्तर देऊ शकणार नाही. तिला तिसरी गोष्ट लागते : मागच्या वेळी दोघांचे जुळले होते तेव्हा काय होते, याची आठवण.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस युनिसन ही आज्ञावली तयार केली ती नेमकी या आठवणीवर. प्रत्येक वेळी ताळमेळ पूर्ण झाला की युनिसन दोन्ही संगणकांवर त्या वेळच्या स्थितीची टिपणवही लिहून ठेवते. पुढच्या वेळी प्रत्येक बाजू स्वतःच्या वहीशी ताडून पाहते. वहीत फाईल होती, आज नाही : काढून टाकली. वहीत नव्हती, आज आहे : नवी. एकाच बाजूला बदल असेल तर तो दुसरीकडे नेते. दोन्ही बाजूंना बदल असेल तर थांबते आणि माणसाला विचारते. हे थांबणे आम्हाला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो. क्लार्कने सुधारलेले नाव आणि बाईंनी सुधारलेले गुण, दोन्ही ठेवायचे आहेत हे संगणकाला कसे कळावे? फाईलचा अर्थ त्याला ठाऊक नाही. त्याच्या हातात एवढेच आहे की दोन्हीकडे हात लागला आहे हे न चुकता सांगायचे.

दोनऐवजी तीन संगणक आले की वही अपुरी पडते. तेव्हा दुसरी युक्ती वापरतात. लॉस अँजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लोकस नावाची, अनेक संगणकांवर पसरलेली युनिक्ससारखी प्रणाली बांधली जात होती. तिच्या निमित्ताने १९८३ साली हा विचार मांडला गेला. प्रत्येक फाईलसोबत एक चिठ्ठी ठेवायची. तीत प्रत्येक संगणकासाठी एक आकडा : त्या संगणकावर ही फाईल किती वेळा बदलली. सर्व्हर, शिक्षकांची खोली, मॅक असा क्रम धरला तर समजा तिन्हीकडे चिठ्ठी (२, १, ०) आहे. सोमवारी शिक्षकांच्या खोलीत बदल झाला. तिथली चिठ्ठी (२, २, ०). सर्व्हरवरच्या (२, १, ०) शी तुलना करा. नव्या चिठ्ठीतील एकही आकडा लहान नाही आणि एक मोठा आहे. म्हणून ती निःसंशय पुढची. आता रविवारी मॅकवर, जाळ्याशी जोडलेले नसताना, जुन्याच प्रतीत बदल झालेला होता : (२, १, १). (२, २, ०) आणि (२, १, १) यांत पुढची कोणती? दुसऱ्या जागी पहिली मोठी, तिसऱ्या जागी दुसरी मोठी. कोणीच पुढचे नाही. दोघे एका जागेवरून वेगळ्या वाटांनी गेले आहेत. यालाच संघर्ष म्हणायचे. लक्षात घ्या, यात घड्याळ कुठेच आले नाही. कोणाचे घड्याळ पुढे, कोणाचे मागे, याने उत्तर बदलत नाही.

२०१३ साली सुरू झालेली सिंकथिंग ही खुली आज्ञावली याच तत्त्वाने चालते. ती शाळेच्या अंतर्गत जाळ्यावर, इंटरनेट नसतानाही, संगणकांना परस्परांशी जोडते; मध्ये कोणाचा साठा लागत नाही. संघर्ष दिसला की ती एक प्रत मूळ नावाने ठेवते आणि ज्या प्रतीवर जुनी वेळ आहे तिच्या नावात तारीख, वेळ आणि 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' हे शब्द घालून शेजारी ठेवते. म्हणजे संघर्ष ओळखायला घड्याळ नको, पण मूळ नाव कोणाला द्यायचे हे मात्र घड्याळच ठरवते. दोन्ही प्रती शिल्लक राहतात हे महत्त्वाचे. अशा नावाच्या फाईली अनेक जण कचरा समजून काढून टाकतात. तसे करू नये. त्या उघडून, ताडून, मगच काढाव्यात.

आता भाऊबंदांच्या कुरबुरी. लिनक्सला इंग्रजीतील मोठी आणि लहान अक्षरे वेगळी वाटतात. मॅकला सहसा ती एकच वाटतात. लिनक्सवर मोठ्या 'आर'ने सुरू होणारे 'रिझल्ट' आणि लहान 'आर'ने सुरू होणारे 'रिझल्ट' अशा दोन फाईली सुखाने नांदतात. मॅकवर गेल्यावर एक दुसरीच्या अंगावर बसू पाहते.

मराठी नावांची गोष्ट आणखी मजेदार आहे. 'दुसऱ्या सत्राचे गुण' हे नाव घ्या. यातील 'ऱ्या' हे अक्षर संगणकात तीन प्रकारे लिहिलेले आढळते. एक, 'ऱ' साठी असलेले स्वतंत्र चिन्ह वापरून. दोन, साध्या 'र' खाली नुक्ता देऊन. तीन, 'र', हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह टाकून. कागदावर तिन्ही सारखी. संगणकाच्या दृष्टीने तीन निरनिराळी नावे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या प्रचलित लेखनात ३ बाइट घेते. म्हणून 'दुसऱ्या' हा शब्द पहिल्या रीतीने २१ बाइटचा आणि उरलेल्या दोन्ही रीतींनी २४ बाइटचा होतो. लिनक्स दिलेले बाइट जसेच्या तसे ठेवते. मॅकची जुनी, एचएफएस प्लस नावाची रचना पहिल्या रीतीचे नाव आपण होऊन दुसऱ्या रीतीत बदलून ठेवत असे. परिणाम असा की लिनक्सवरून मॅकवर पाठवलेली फाईल पुढच्या खेपेला 'तिकडे नाहीच' असे दिसे आणि पुन्हा पाठवली जाई. मॅकवरून परत आली की लिनक्सवर एकाच नावाच्या दोन फाईली उभ्या! २०१७ पासून मॅकवर आलेली एपीएफएस रचना नाव बदलत नाही, आणि पहिल्या दोन रीती एकच मानते. आरसिंकच्या तिसऱ्या पिढीत नावांचे असे रूपांतर करण्याची सोय आहे. मॅकसोबत अनेक वर्षे येणाऱ्या २.६.९ या आवृत्तीत ती नव्हती. तिसऱ्या रीतीला, म्हणजे न दिसणाऱ्या जोडचिन्हाला, यातील कशाचाच उपाय नाही. ते जाणूनबुजून टाळावे लागते. सर्वांनी एकच कळफलक वापरणे हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

नावाच्या लांबीचेही तसेच. लिनक्सच्या नेहमीच्या रचनेत फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीत ती २५५ अक्षरे होतात. देवनागरीत ८५ चिन्हे, आणि काना-मात्रा-अनुस्वार हेही चिन्हच धरले जातात. आपल्याकडे फाईलच्या नावातच सगळा तपशील लिहिण्याची हौस असते, म्हणून हे सांगितले.

एवढे झाल्यावर वाटेल की आता आपला मजकूर सुरक्षित आहे, तीन ठिकाणी आहे. पण ताळमेळ म्हणजे राखीव प्रत नव्हे. बाईंनी चुकून फोल्डर काढून टाकले तर ताळमेळाची आज्ञावली ते इमानेइतबारे तिन्हीकडून काढील. आरसिंकमध्ये 'तिकडचे जास्तीचे काढून टाक' असा पर्याय आहे. तो देऊन चुकून रिकामे फोल्डर मूळ म्हणून दाखवले तर दुसरीकडचे सगळे जाते. म्हणून आधी कोरडी फेरी करायची. आज्ञावली काय करणार आहे याची यादीच फक्त दाखवते, करत काही नाही. ही सोय आरसिंकमध्ये आहे आणि ती वापरायला अर्धा मिनिट लागतो.

राखीव प्रतीसाठी आरसिंकची आणखी एक सोय उपयोगी आहे. युनिक्समध्ये फाईलचे नाव म्हणजे फाईल नव्हे; ते मजकुराला लावलेले लेबल. एकाच मजकुराला अनेक लेबले लावता येतात. रोज रात्री त्या तारखेचे नवे फोल्डर करायचे. कालच्यापासून न बदललेल्या फाईलींना त्यात फक्त नवे लेबल लावायचे आणि बदललेल्या तेवढ्या नव्याने उतरवायच्या. महिनाभराची तीस फोल्डरे प्रत्येकी पूर्ण दिसतात, जागा मात्र एका प्रतीहून थोडीच जास्त लागते. मंगळवारी चुकून पुसलेले सोमवारच्या फोल्डरात सापडते. यासाठी लिनक्सच्या रचनेची डिस्क हवी; फॅटच्या पेन ड्राइव्हवर दोन लेबले लावता येत नाहीत.

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना महापे, रबाळे, ऐरोली इथे खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती दिसतात. ती डेटा सेंटर. खारघरला रिझर्व्ह बँकेचे आहे, बेलापूरला स्टेट बँकेचे. बँकांची यंत्रणा आरसिंकवर चालत नाही, पण प्रश्न तोच आहे, आणि तिथे त्याला भौतिकशास्त्राची एक मर्यादा येऊन भिडते. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून चेन्नई सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या थोडे पुढे. म्हणजे "लिहिले का?" "हो, लिहिले" या एका देवाणघेवाणीला कमीत कमी १० मिलिसेकंद. प्रत्येक व्यवहारासाठी इतके थांबायचे, की दूरची प्रत थोडी मागे राहिली तरी चालवून घ्यायची? सर्वसाधारण रीत अशी की जवळच्या केंद्रातील प्रत जागच्या जागी जुळवतात आणि दूरची मागून येऊ देतात. अपघात झालाच तर दूरच्या प्रतीत शेवटचे काही क्षण नसतील, हे आधीच मान्य केलेले असते.

शाळेत करून पाहायचे असेल तर लिनक्सचे दोन जुने संगणक आणि एक जाळ्याची तार पुरे. दोन्हीकडे युनिसनची एकच आवृत्ती घाला. जुन्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचे आपसांत पटत नाही. साध्या मजकुराची एक फाईल करून ताळमेळ करा. मग तार काढा आणि मुलांच्या दोन गटांना त्याच फाईलमध्ये वेगवेगळे बदल करू द्या. तार जोडण्यापूर्वी काय होईल ते वहीत लिहून घ्या. तिसऱ्या गटाला एका बाजूची दुसरी एखादी फाईल काढून टाकायला सांगा. शेवटी 'दुसऱ्या' हा शब्द असलेले नाव निरनिराळ्या कळफलकांवरून टाइप करून किती फाईली होतात ते मोजा. दोन तासिकांत सगळे होते. चाचणीसाठी खऱ्या गुणांची फाईल मात्र घेऊ नये.